डावा पट्टा

डिलाईल रोडवर डांबर अंथरणारं मशीन सकाळपासून एका चाळीसमोर आलं की डावीकडे ओढायचं. वीस वर्षं मशीनची नाडी बघणाऱ्या धम्मपालने त्याच्या चाकांवरचे रबरी पट्टे आवळून पाहिले, रोलर साफ केले. शेवटी दुपारपर्यंत खपून डावा पट्टा उजवीकडे आणि उजवा डावीकडे चढवला. तरी मशीन डावीकडेच. चाळ ओलांडून पुढे नेलं, तर सुतासारखं सरळ चाललं.

"साहेब, पट्ट्यात काही नाही. इथे चाळीला लागून जमीनच खचतेय."

इंजिनीअरने मोबाइलमधून मान वर केली नाही. "सोमवारी रस्ता उघडायचाय. पट्टा खराब होता असं लिही, आणि इथे अजून एक थर मार."

धम्मपालने परत एकदा सांगून पाहिलं. मग लिहून दिलं.

तेवढ्यात त्याच चाळीच्या दुसऱ्या मजल्यावरून, कठड्याला रेलून, त्याची आई ओरडली, "धम्मा, यंदा जयंतीच्या आधी भिंतीतली भेग नीट भर रे बाबा! दरवर्षी लिंपतोस नि दरवर्षी परत उघडते."

"भरतो गं," धम्मपाल म्हणाला.