बंद पडदा

गल्लीच्या तोंडाशी गाडी वळवली आणि डेक्लनने करकचून ब्रेक दाबला. आईच्या दारात ही गर्दी. वरच्या मजल्याच्या खिडकीला शिडी लावलेली, शिडीवर एक दांडगा माणूस, आणि खिडकीचा पडदा बंद.

गाडी तशीच आडवी टाकून तो धावला. मागच्या सीटवर सामान भरायला आणलेली रिकामी खोकी होती.

गेल्या रविवारीच फोनवर त्याने आईला नको तितकं सुनावलं होतं. सॉलीहलला, त्याच्या घराजवळच, म्हाताऱ्या माणसांसाठी छान फ्लॅट निघाले होते, आणि नोरा बर्मिंगहॅममधली आपली जुनी गल्ली सोडायला तयार नव्हती. मग त्याने कौन्सिलची माहितीपुस्तिकाच तिला वाचून दाखवली. टॅनर्स क्रॉस वॉर्ड. भाषा ढीगभर, घरं भाड्याची, माणसं आज आली उद्या गेली, एकटे राहणारे म्हातारेही पुष्कळ.

"हे मी नाही, कौन्सिल म्हणतंय, आई. कोणाची भाषा कोणाला कळत नाही तिथे. उद्या जिन्यात पडलीस, तर कळेल कुणाला?"

नोरा आयर्लंडमधल्या मेयोची. शब्दाला शब्द देण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्या दिवशी मात्र ती एवढंच म्हणाली, "शनिवारी सकाळी ये. तोवर तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही सापडलं, तर बांधते बोचकं."

आणि आज शनिवार उजाडला तो असा.

"तुम्ही कोण?" डोक्याला हिरवा स्कार्फ गुंडाळलेल्या सोमाली बाईने त्याला दारातच अडवलं.

"मी मुलगा आहे तिचा!"

"हां, म्हणजे शेल्फावरच्या फोटोतला तो तूच," समोरच्या घरातली इसिल्डा म्हणाली. बाई जमैकाची, पंच्याहत्तरी उलटलेली, हातात डाव तसाच. "शनिवारचं सूप चुलीवर टाकून आलेय मी. तुझ्या आईचा पडदा अजून उघडला नाही."

"कुठला पडदा?"

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने स्वतःच्या आईचं नाव विचारलं होतं.

"रोज सकाळी उठली की ती पडदा सरकवते," इसिल्डा म्हणाली. "मी इथून हात करते, ती तिथून. हा शिडीवरचा मिरेक कामावर जाताना हॉर्न देतो. मग ही स्कार्फवाली होदन पोरांना मदरशात नेते, तेव्हा पोरं वर बघून हात हलवतात. बर्फ पडला तरी चुकत नाही हे."

"आज पोरांनी हात हलवला, तर पडदाच बंद," होदनचे डोळे भरून आले. "मग मी दारं ठोठावत सुटले."

तिने खरंच एकही दार सोडलं नसावं. कुणी सपातांवर आलं होतं, कुणी ओल्या केसांनी. कोपऱ्यावरचा तुर्की न्हावी एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून धावला होता, आणि उरलेल्या अर्ध्या गालावर फेस घेऊन ते गिऱ्हाईकही त्याच्या मागोमाग आलं होतं.

डेक्लनने खिशातून किल्ली काढली. घाईत ती कुलपात उलटीच घातली, फिरेना. कळेल कुणाला, असं आपण विचारलं होतं. आईशी बोललेलं शेवटचं वाक्य तेवढंच निघालं, तर? तो दाराला कपाळ टेकून उभा राहिला.

वर मिरेकने काचेवर टकटक केली. एकदा. दोनदा.

सर्रकन पडदा सरकला. खिडकीत नोरा उभी. इस्त्रीचा निळा झगा, केस विंचरलेले, कानात मोती.

"मिरेक! बायकांच्या खिडकीत डोकावतोस, लाज नाही वाटत?"

बिचारा मिरेक शिडीवरून पडता पडता वाचला. खाली जो गलका उठला, तो पार मोठ्या रस्त्यापर्यंत ऐकू गेला असेल. होदन रडता रडता हसत होती, न्हाव्याने तर गिऱ्हाइकालाच मिठी मारली. इसिल्डाने डाव उगारला.

"मरायचं असेल तर आधी सांगून मर, बये! इथे अर्धा जीव गेला माझा!"

"डोळा लागला गं जरा," नोरा म्हणाली. "आलाच आहात तर चहा घेऊन जा. डेक्लन, बाळा, आत जाऊन किटली चढव."

डेक्लन डोळे पुसत स्वयंपाकघरात गेला. किटली चढवायची गरजच नव्हती. टेबलावर लोकरीची टोपी घातलेली भलीमोठी किटली वाफाळत होती. समोर घरातले होते नव्हते ते सगळे कप मांडलेले. एकात लिंबाची चकती. एकात ठेचलेले वेलदोडे. एकाशेजारी घट्ट दुधाचा उघडलेला डबा. कडेला बिनकानाचा छोटा काचेचा पेला.

नोरा जिना उतरून मागे येऊन उभी राहिली.

"लिंबाचा मिरेकला. वेलदोड्याचा होदनला. पेला न्हाव्याचा, त्याला कप चालत नाही. डबा इसिल्डाच्या हातातच दे, ती ऐकायची नाही."

"आई, तू झोपलीच नव्हतीस."

"हळू बोल. पहाटेपासून पडद्याआड उभी होते. काळीज नुसतं धडधडत होतं."

"आणि कुणीच आलं नसतं तर?"

"तर हे सगळे कप परत फळीवर ठेवले असते आणि मुकाट तुझ्या गाडीत बसले असते."

डेक्लन बाहेर गेला, गाडीतली खोकी काढली आणि फुटपाथवर उलटी मांडली. त्यांवर कप आले. इसिल्डाचं सूपही आलं, तळाला जरासं लागलेलं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक दुसरा वाडगा मागत होतं. इतका आनंद डेक्लनला कितीतरी दिवसांत झाला नव्हता.

तो परत आत आला. नोराने शेवटचा कप ओतला आणि साखरेचा चमचा तसाच हवेत धरून थांबली.

"तुला रे किती घालू?"