एकोणीस सुयांचा खुलासा

“एकोणीस सुया मी नाही मोडल्या. वरच्यांनी मोडल्या. खुर्चीत बसून, एका सहीत!”

मावशीने मेमो मशीनवर आपटला. महिन्यात एकोणीस सुया का मोडल्या, चोवीस तासांत लेखी खुलासा द्या, नाहीतर सोमवारपासून कामावर येऊ नका, असं त्यात लिहिलं होतं. मेमो देणारे साहेब समोरच उभे होते. नवी राखाडी पँट, कडक इस्त्री. अकरा वाजता मुख्य कार्यालयातले पाहुणे यायचे होते ना!

त्या कारखान्यात पिशव्या शिवायचे, ताडपत्र्या शिवायचे आणि उंचावर काम करणारी माणसं कमरेला बांधतात ते पट्टे शिवायचे. पट्टे मावशीकडे. चार पदर एकावर एक, बोटाएवढे जाड. त्याला बावीस नंबरची सुई लागते आणि नायलॉनचा जाड दोरा. मावशी इतक्या वेळा बावीस मागायची की तिचं नावच ‘बावीस नंबर मावशी’ पडलं होतं. मग वरून परिपत्रक आलं. सगळ्या कामाला एकच सुई, अठरा नंबर. एकच दोरा, मधला. का, तर भांडारात गोंधळ नको. मुंगीला आणि हत्तीला एकाच मापाची चप्पल! ज्याने ही अक्कल पाजळली, त्याने जन्मात स्वतःच्या शर्टाला बटण तरी लावलं होतं का?

मावशीकडे जाड दोऱ्याची जुनी रिळं उरली होती. पट्टे ती त्यांनीच शिवायची. बावीस मात्र कुलपात गेली होती. म्हणून सुई अठरा आणि दोरा जाड. म्हणून एकोणीस.

“परिपत्रकातला दोरा वापरा,” साहेब म्हणाले, “एकही सुई मोडणार नाही.”

“त्या दोऱ्याने पट्टा शिवू? माझा धाकटा भाऊ पंधराव्या मजल्यावरच्या काचा पुसतो, ह्याच पट्ट्याला लटकून. तुमच्या सुतावरून तो थेट स्वर्ग गाठेल!”

मागच्या बाया फिस्सकन हसल्या. मावशीने जाड दोरा अठराच्या नेढ्यात कसाबसा कोंबला आणि हातभर दोरा तिरका ताणून धरला. सुई जिथल्या तिथे अडकून बसली.

“बघा. सुई आपसूक खाली घसरली तर जोडा जमला. अडकली की लग्न मोडलं. दोरा नेढ्यात घासतो, सुईला ओढतो, सुई वाकते, प्लेटवर आपटते आणि मोडते. मी काय दातांनी चावते का?”

“मला शिकवू नका. सुई ती सुई. कापड काही विचारत नाही, तू कितवा नंबर म्हणून!”

तेवढ्यात साहेबांना मशीनखाली काहीतरी चमकलं. सुईचा तुकडा. “हा घ्या, विसावा!” म्हणत पुरावा उचलायला ते घाईघाईने वाकले.

टर्रर्र!

सगळ्या बाया एकदम कामसू झाल्या. कुणाचीही मान मशीनवरून वर येईना.

दोन मिनिटांनी साहेब ताडपत्रीच्या गठ्ठ्यांमागे उभे होते. अंगाभोवती हिरवी ताडपत्री, वर नुसतं डोकं. पँट मावशीच्या मशीनवर. अकराला पंधरा मिनिटं बाकी.

“मावशी, लवकर टीप मारा हो!”

मावशीने अठराची सुई लावली. पँटच्या पायाच्या आतल्या दुमडीवर आधी चार टाके मारून बघितले आणि ती दुमड साहेबांसमोर उजेडात धरली. चाळणी झाली होती.

“अहो, भोकं काय पाडताय? एवढ्या पातळ कापडाला एवढी जाड सुई? बारीक घ्या ना!”

“कापड विचारतं का साहेब, तू कितवा नंबर म्हणून?”

ताडपत्री थोडी सळसळली.

“चौदा घ्या,” साहेब हळूच म्हणाले.

“चौदा कुलपात आहे. तुमच्या सहीशिवाय भांडारवाले काका स्वतःच्या बायकोलाही सुई देत नाहीत. चिठ्ठी लिहा. कारण घाला, नाहीतर ते परत पाठवतील.”

साहेबांनी एका हाताने ताडपत्री धरली आणि दुसऱ्याने गठ्ठ्यावर कागद ठेवून लिहिलं: ‘कापड पातळ असल्याने अठरा नंबर चालणार नाही. कापडाला योग्य अशी चौदा नंबरची सुई व बारीक दोरा ताबडतोब द्यावा.’ खाली सही. ‘ताबडतोब’खाली दोन रेघा.

काकांनी चिठ्ठी दोनदा वाचली, गालात हसले, सुई आणि दोरा दिला. चिठ्ठी मात्र मावशीने परत मागून घेतली.

बारीक दोऱ्यावरून चौदाची सुई सर्रकन घसरली. मावशीने टीप घातली, उलटून दुसरी घातली. फाटलेलं कुठे होतं, ते आता शिवणारीलाच माहीत. मग तिने चिठ्ठी मेमोला टाचणीने टाचली.

जिन्यात बुटांचा आवाज झाला. ताडपत्रीतून एक उघडा हात बाहेर आला.

“द्या, द्या लवकर!”

मावशीने पँट खांद्यावर टाकली आणि त्या हातात मेमो ठेवला.

“हा माझा खुलासा, साहेब. तुमच्याच अक्षरात. तुमच्या ढुंगणाला कापड बघून सुई मिळते, मग माझ्या भावाच्या जिवाला का नाही? चोवीस तास देणार नाही. पाहुणे जिन्यात आहेत. बोला!”