डोळ्यातलं कुसळ

डॉक्टरांनी कापसाची बारीक वात वळली आणि तिचं टोक कडूबाच्या उजव्या बुबुळाला हलकेच टेकवलं. डोळा मिटला नाही. पुन्हा टेकवलं. डोळा आपला उघडाच, सरकारी कचेरीतल्या कारकुनासारखा. समोर कोण आलं नि गेलं, त्याला काही देणंघेणं नाही.

"काही लागलं, बाबा?"

"कुठं काय?" कडूबा म्हणाला. त्याला वाटलं, डॉक्टरांनी अजून सुरुवातच केलेली नाही.

डॉक्टरांनी समजावलं. वडस, म्हणजे बुबुळावर वाढलेला मांसाचा पडदा, काढला की बुबुळाची जाण काही काळ बोथट होते. चार-सहा महिन्यांत बहुतेक परत येते. तोवर कचरा गेला तरी कळायचं नाही, म्हणून रोज कुणीतरी डोळा नीट बघायचा. मात्र हात लावायचा नाही. बोट नाही, पदर नाही, काही नाही.

कडूबाचा चेहरा उतरला. डोळ्याचं त्याला फारसं काही नव्हतं. त्याची अडचण शेजारच्या स्टुलावर बसली होती.

ती सरूबाई, त्याची बायको. घरी एकटी ठेवता येत नाही म्हणून पैठणहून एस.टी.नं शहरात, शहागंजच्या या दवाखान्यात सोबत आणलेली. गेल्या काही वर्षांत तिच्या डोक्यातून एकेक माणूस उठून गेलं होतं. शेवटी नवऱ्याचाही नंबर लागला. हल्ली ती त्याला 'पाव्हणं' म्हणे आणि चहा झाला का, असं अगत्यानं विचारी. उभ्या संसारात त्याची एवढी विचारपूस कधी झाली नव्हती.

एक गोष्ट मात्र तिच्या हातांनी सोडली नव्हती. डोळ्यात कुसळ गेलं, असं कडूबानं म्हटलं की ती उठायची, त्याचं तोंड ओंजळीत धरायची आणि पदराच्या पिळलेल्या टोकानं कुसळ काढायची. तरुणपणी भरल्या घरात, दिवसाउजेडी बायकोला जवळ बोलवायला दुसरा सभ्य बहाणा नव्हता. त्यामुळं खळ्यावरची निम्मी कुसळं कडूबाच्याच डोळ्यात जात. पोराचे डोळे जन्मतःच नाजूक आहेत, असं समजतच त्याची आई वारली.

म्हातारपणीही तो दिवसातून एकदा ते खोटं बोलायचा. डोळ्याला पट्टी बसली आणि तेही बंद पडलं. त्यानं डावा डोळा पुढं करून पाहिला. पण तिचा हात सवयीनं उजव्याकडंच जायचा.

हे सगळं त्यानं डॉक्टरांना फरशीकडं बघत सांगितलं. ऑपरेशनला एवढी हिंमत लागली नव्हती.

"चार-सहा महिने म्हंता," शेवटी तो म्हणाला. "तवर हिच्या ध्यानात राहील?"

डॉक्टरांनी सरूबाईकडं पाहिलं. "डोळ्याचं मी सांगू शकतो, बाबा. यांचं नाही सांगता येत."

"मंग फुंकर चालंल?"

जरा लांबून, डॉक्टर म्हणाले.

कडूबा तिच्याकडं वळला. "डोळ्यात कुसळ गेलंय."

सरूबाई उठली. पदराचं टोक पिळायला लागली. डॉक्टर पुढं सरकले, पण त्याआधीच कडूबानं तिचं मनगट धरलं आणि नुसती फुंकर घाल म्हणाला. तिनं पदर सोडला. त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं, दाराकडं एक चोरटी नजर टाकली नि कुजबुजली,

"हलू नका. आत्याबाई पाहू राहिल्या."

आत्याबाई, म्हणजे तिची सासू, जाऊन कैक वर्षं झाली होती. तरी डॉक्टरांनीही दाराकडं पाहिलं.

तिनं फुंकर घातली. डोळ्याला ती लागली नाही. गालाला लागली.

"गेलं का?" तिनं विचारलं.

"नाय," कडूबा म्हणाला. "अजून हाय."