थकलेली आजी पाहिजे

वॉकरच्या जाहिरातीसाठी ठरलेल्या आजींनी ऐन वेळी टांग दिली. नोकरी नवी, साहेब तापट, म्हणून मी घाबरून माझ्या एकाहत्तर वर्षांच्या मावशीला स्टुडिओत बोलावलं. ती लिफ्टची वाट न बघता जिन्याने वर आली: चंदेरी बॉबकट, केशरी चष्मा, लालभडक बूट. सगळे टकामका बघायला लागले आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मावशी, जरा वयाला शोभेल असं राहायला काय होतं गं तुला?"

"शोभतंय की! तू घालून बघ, तुला नाही शोभणार."

तिचे बूट काढले, अंगावर राखाडी शाल टाकली, कमरेत वाकायला सांगितलं. तिने खरंच जीव तोडून प्रयत्न केला. शेवटी कॅमेरावाला काकुळतीला येऊन म्हणाला, "मावशी, हळू चाला हो. वॉकर मागे पडतोय."

साहेबांनी कपाळाला हात लावला. आता नोकरी गेलीच, असं समजून मी मान खाली घातली, खांदे पाडले आणि "आई गं" म्हणत, कंबर धरून खुर्चीतून उठलो.

"थांब!" साहेब ओरडले. "अगदी तस्साच थांब!"

 

आता चौकातल्या होर्डिंगवर पांढऱ्या केसांचा टोप घालून, शाल पांघरून मी वॉकर धरून उभा आहे, आणि रोज सकाळी पळायला जाताना मावशी मैत्रिणींना तिथे थांबवून सांगते, "हा माझा भाचा. अवघा सव्वीस वर्षांचा आहे, वाटत नाही ना?"