भिंतीपलीकडून तक्रार

“खोकला कधीपासून?” छातीच्या डॉक्टरांनी विचारलं.

“झाले चार-आठ दिवस. हवा बदलली ना,” बालवाडीच्या बाई म्हणाल्या.

गप्प बसेल तर ती सून कसली! तिने पर्समधून घडी केलेला कागद काढला. “हे वाचा डॉक्टर. शेजाऱ्यांनी सोसायटीत आमच्याविरुद्ध केलेली तक्रार.”

“अगं, भांडण दवाखान्यात काय आणतेस!” बाई म्हणाल्या आणि त्यांना ढास लागली.

शेजारी म्हणजे कानटोपी. बारा महिने डोक्याला लोकरीची टोपी, कपाळाला आठ्या. वाळत घातलेल्या कपड्यांच्या पाण्यावरून दोन्ही घरांत सहा वर्षं अबोला होता.

डॉक्टर वाचू लागले. ‘भिंत पातळ आहे. बाईंच्या खोकल्याचा नऊ आठवड्यांपासून त्रास होतो. आधी फक्त सकाळी, आता हसल्या तरी ढास. मुलांची गाणी एका दमात म्हणत, हल्ली दुसऱ्या ओळीला थांबतात. जिन्यात दोनदा टेकतात. ताबडतोब बंदोबस्त व्हावा.’

डॉक्टरांनी चष्मा काढला. “घरात सिगारेट?”

“हे ओढायचे. पंचवीस वर्षं. मी नुसती जवळ बसायचे.”

“धूर जवळच्यालाही सोडत नाही, बाई.”

त्याच दिवशी स्कॅन झाला. मग कॅन्सरचं मोठं रुग्णालय, तपासण्या, ऑपरेशन. फुप्फुसात सुपारीएवढी गाठ होती, पण पसरलेली नव्हती. “वेळेत आलात,” तिथले सर्जन म्हणाले. बाईंनी त्यांना हात जोडले, आणि मनातल्या मनात आणखी एकाला.

घरी आल्यावर बाईंनी शेजारचं दार ठोठावलं. एकदा, दोनदा, चारदा. आत पंख्याची घरघर, पण दार उघडेना. ‘सुंभ जळला तरी पीळ काही जात नाही,’ म्हणत त्या वळल्या, तर जिन्यातून कानटोपीची लेक किल्ली घेऊन वर आली.

“बाबांना नाही ऐकू यायचं, काकू. टोपीखाली मशीन असतं ना कानाला. घरात शिरले की काढून ठेवतात. कित्येक वर्षांची सवय.”

“मग माझा खोकला?”

“जिन्यात एकदा कानावर पडला. तेव्हापासून तुम्ही दवाखान्यात जाईपर्यंत मशीन लावून भिंतीशी बसायचे.” ती कुलपाशी थांबली. “आई जायच्या आधी अशीच खोकायची, तेव्हा ते काढून ठेवलेलं असायचं.”

बाई उंबऱ्यावरच टेकल्या. डोळे पुसले, पदर सावरला.

“त्यांना मशीन लावायला सांग,” त्या म्हणाल्या. “गाणं म्हणते. दुसऱ्या ओळीला थांबले, तर पुन्हा तक्रार करा म्हणावं.”