ठिगळ

"तुम्ही मी शिवलेल्या ब्लाउजची पाठ शिवून टाकलीत!" इंद्रायणी महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंवर कडाडली. मोहालीतली नोकरी सोडून चंडीगडात मराठी बायकांसाठी केलेला तिचा हा पहिलाच फॅशन शो. बाईनं आरशात पाहून स्वतःवरच भाळावं, असे कपडे ती शिवायची. आणि ऐनवेळी मॉडेल नीलाच्या उघड्या पाठीवर अस्तराचं जाडजूड ठिगळ! नीला बिचारी खांदे आवळून उभी. "अगं, प्रमुख पाहुणे म्हणून कर्नलसाहेब येताहेत," अध्यक्षबाई म्हणाल्या. "घरंदाज बायकांनी झाकूनपाकून राहावं. ठिगळ निघालं तर शो रद्द, पक्का!" इंद्रायणीनं कात्री उचलली, टाके उसवले आणि ठिगळ अध्यक्षबाईंच्या हातात कोंबलं. "करा रद्द! पण काकू, आधी सगळ्यांसमोर सांगा. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या ब्लाउजचं माप देताना, दार लावून, 'पाठ अजून चार बोटं खाली घे गं' असं माझ्या कानात कोण कुजबुजलं होतं?"