भोंग्याच्या दोन फाइली

एक कळ दाबली की चाचणीची फाइल पडद्यावर येई. तीच पुन्हा दाबली की खरी. दोघींची नावे जवळजवळ सारखी, ओळींची ठेवणही जुळ्या बहिणींची. तीन महिन्यांत राहीचे बोट त्या कळेवर इतके रुळले होते, की आपण कोणत्या फाइलीत आहोत हे पाहण्याचे तिने सोडूनच दिले होते.

बोर्ली पंचतनच्या बाजारातील माडीवर ती काम करीत बसली होती. दुपारचे तीन वाजत होते. किनाऱ्यावरील एका शिवालयाची प्रदक्षिणा समुद्राच्या अंगाने खडकांवरून जाते, आणि ती ओहोटीतच घडते. भरतीचे पाणी वाटेवर चढण्याच्या अर्धा तास आधी भोंगा वाजावा, ही योजना राहीने सिद्ध केलेली. सकाळी चाचणी घेताना भाविक उगाच दचकू नयेत, म्हणून भोंगा मुका करणारी एक ओळ तिने चाचणीच्या फाइलीत लिहिली होती.

ती पुसावी म्हणून तिने ती फाइल उघडली. ओळ तेथे नव्हती.

तिने कळ दाबली. ओळ खऱ्या फाइलीत होती, आणि ती फाइल सकाळी अकरालाच देवळातील यंत्रावर जाऊन बसली होती. आजच्या भोंग्याची वेळ दोन चाळीस.

तिने प्रदक्षिणेच्या वाटेवर उतरणाऱ्या पायऱ्यांवरच्या राखणदाराला, दादूला, फोन लावला.

"दादूकाका, वाट बंद केलीत ना?"

"भोंगा कुठं वाजलाय, बाय?" दादू हसला. "आधी मी काळ्या खडकावरचं पानी बघून दोरी बांधायचो. तूच बोललीस ना, काका, आता बघायचं काम न्हाय. मंग बसलोय चा पीत."

"खाली कोणी आहे?"

"मघाशी पनवेलची बस आली. समदी गेलीत फिरायला."

"काका, खडकाकडे बघा."

पलीकडे खुर्ची सरकली. मग वाऱ्यातून दादूची पावले ऐकू आली.

"खडक दिसत न्हाय, बाय."

राहीने ओळ पुसली, फाइल पाठवली. अर्ध्या मिनिटाने फोनमधून भोंगा उठला. लांब, निर्दोष, जसा तिने योजला होता तसाच.

"कोणी परत येताना दिसतंय का? किती जण गेलेत, काका?"

"मी कशाला मोजतोय... थांब."

प्रदक्षिणा अनवाणी घालायची असते. दादू पहिल्या पायरीपाशी काढून ठेवलेल्या चपलांवर वाकला असावा.

"सतरा जोड," तो म्हणाला. "अठरा. एकोणीस..."

भोंगा वाजतच होता, आणि दादूचे मोजणे संपत नव्हते.